वाचकांचे प्रश्न : विडीची ब्रँच, मागाचा खडखडाट आणि प्रबंध

मानवशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए.चा लघुप्रबंध वा पीएच.डी. करणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचं क्षेत्र घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, म्हणून उत्तरंही इथलंच काम समोर ठेवून दिली आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत आणि नावं काढली आहेत.

माझा विषय ‘सोलापुरातील विडी कामगार स्त्रियांचे सामाजिक जीवन’ असा नोंदवला आहे. मार्गदर्शक म्हणतात, फार पसरट आहे, आवरा. कुठून आवरू?
— एम.ए. भाग २, अशोक चौक

तुमच्या शीर्षकात जागा आहे, माणसं आहेत, पण प्रश्न नाही. विडीच्या कामात रोज काहीतरी ठरतं अशा कितीतरी जागा आहेत, त्यांतली एक धरा. उदाहरणार्थ छाट. बाई घरी वळलेल्या विड्या ब्रँचमध्ये, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करायच्या केंद्रात नेते, तिथे तपासणी होते, काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात आणि तेवढी मेहनत तिच्या हिशेबातून जाते. छाट कोण काढतं? कशावरून काढतं? पानच खराब आलं असेल तर दोष कुणाच्या नावावर पडतो? बाजूला काढलेल्या विड्यांचं पुढे काय होतं? कुणाची छाट कमी निघते, आणि बायका त्याचं कारण काय सांगतात? या एका गोष्टीपाशी नीट उभं राहिलात तर मजुरी, ओळखपाळख, भाषा, वय, घरातली कामाची वाटणी हे सगळं आपोआप समोर येतं. उलट ‘सामाजिक जीवन’ असं म्हटलं की कुटुंब, शिक्षण, आरोग्य, सण अशी प्रकरणं पडतात आणि प्रत्येकात चार-चार पानं वरवरची होतात.

विषय पुरेसा लहान झाला का, हे ओळखायची एक कसोटी आहे. उद्या मी कुठे जाऊन बसेन, किती वाजता, आणि काय बघेन? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर विषय अजून मोठा आहे.

एम.ए.ला प्रत्यक्ष क्षेत्रात दोन-अडीच महिने मिळतात. त्यात एक किंवा दोन ब्रँच, एकाच गल्लीतली १२ ते १५ घरं, आणि त्यांतल्या २० बायकांशी किमान दोनदा बोलणं एवढं झेपतं. दुसरी भेट वगळू नका. पहिल्या भेटीत माणूस पाहुण्याला सांगायचं ते सांगतो.

पीएच.डी.वाल्यांनाही याच उत्तरात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. त्यातलं एक सलग वर्ष क्षेत्राला द्या. पावसाळ्यात तंबाखू सर्दावते, विड्या वाळत नाहीत, बुरशीची भीती असते. उन्हाळ्यात पान कडक होतं आणि कात्रीखाली फुटतं. जूनमध्ये शाळेचा खर्च येतो, नारळी पौर्णिमेला शहराच्या तेलुगू भाषक पूर्व भागात मार्कंडेय रथाची गडबड असते, संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच क्षेत्रकार्य केलं तर यातलं निम्मं दिसणारच नाही, आणि जे दिसेल ते बारमाही आहे असं तुम्ही लिहून बसाल.

मार्गदर्शक २०० प्रश्नावल्या भरून आणायला सांगतात. मानवशास्त्रात याची गरज असते का?
— पीएच.डी. संशोधक, जुळे सोलापूर

प्रश्नावली वाईट नसते, तिची वेळ चुकते. आधी हिशेब करा. ४० प्रश्नांच्या एका फॉर्मला पाऊण तास धरला तर २०० फॉर्मना १५० तास लागतात. रोज चार तास काम केलं तरी सलग पाच-सहा आठवडे फक्त फॉर्म भरण्यात गेले. आणि ते क्षेत्राची ओळख होण्याआधी भरले, तर प्रश्नच चुकीचे असतात. ‘मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या बाईला विचारून उपयोग नाही. तिचा हिशेब आठवड्याचा असतो, त्यात किती दिवस माल मिळाला हे असतं आणि छाट वजा असते.

मार्गदर्शकांना असा क्रम सुचवा: पहिल्या महिन्यात एका वस्तीतल्या ५० ते ६० घरांची एक पानी घरयादी करा. घरात कोण कोण आहे, नातं काय, वय, कोण कोणतं काम करतं, घरात कोणती भाषा चालते, घर स्वतःचं की भाड्याचं, एवढंच. मग चार-सहा महिने वावर. प्रश्नावली शेवटी, जेव्हा काय मोजायचं हे कळलेलं असेल. तेव्हा २०० लागतील की ८० पुरतील हे तुम्हीच कारणासकट सांगू शकाल, आणि मार्गदर्शक शक्यतो ऐकतात.

बायका बोलायला तयार असतात, पण संमतीपत्र पुढे केलं की हात आखडता घेतात. विद्यापीठाला तर सह्या हव्या आहेत.
— संशोधक विद्यार्थिनी, विडी घरकुल परिसर

त्यांची भीती अगदी वाजवी आहे. त्यांच्या दारात सहीचा कागद घेऊन येणारा माणूस बहुधा फायनान्सवाला असतो, नाहीतर कुठल्या योजनेचा. सही केली की मागून काहीतरी वसुली येते हा अनुभव आहे. तुमच्या कागदावर विद्यापीठाचा शिक्का असला तरी त्याने ही भीती वाढतेच.

आचारसमितीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, अर्ज करतानाच ‘तोंडी संमती, ध्वनिमुद्रित किंवा साक्षीदारासमोर नोंदवलेली’ असा पर्याय मागा आणि कारण लिहा. सहभागी व्यक्तीसाठी सहीच धोक्याची किंवा भीतीची असेल तर तोंडी संमती हा मान्य मार्ग आहे. क्षेत्रात उतरल्यावर मागितलात तर अडचण होते, म्हणून आधी. अंगठा मात्र घेऊ नका. ज्या बाईला सही येते तिला तो अपमान वाटतो आणि जिला येत नाही तिला जास्तच भीती वाटते.

तोंडी सांगायचा मजकूर पाठ असू द्या, आणि बोलीत असू द्या. साधारण असा: “मी कॉलेजात शिकते. विडीच्या कामावर मला प्रबंध लिहायचा आहे. तुम्ही सांगाल ते लिहून घेईन, तुमचं नाव घालणार नाही. याने घरकुल, पेन्शन, कर्ज असलं काही मिळणार नाही. नाही बोललात तरी काही बिघडणार नाही. मधेच नको वाटलं तर थांबू. नंतर वाटलं, हे लिहू नको, तर मला दिवाळीपर्यंत सांगा, मी काढून टाकेन.” पूर्व भागात हा मजकूर तेलुगूत हवा, आणि तो पुस्तकी तेलुगूत नको. वस्तीतल्याच कुणाकडून सोलापूरच्या तेलुगूत करून घ्या आणि दुसऱ्या कुणाला तो ऐकवून ‘यात काय सांगितलं?’ असं विचारा. तिने सांगितलेलं तुमच्या मूळ मजकुराशी जुळलं तरच वापरा.

‘काही मिळणार नाही’ हे वाक्य गिळू नका. कुंभारीला विडी कामगारांसाठी हजारो घरांची वसाहत झाली, पुढे कामगारांच्याच घरांचं रे नगर झालं. वही घेऊन आलेली मुलगी यादी करायला आली असणार, असा समज होणं साहजिक आहे. तो समज राहू दिलात तर माहिती भरपूर मिळेल, पण ती घर मिळावं म्हणून दिलेली माहिती असेल. उत्पन्न कमी सांगितलेलं, माणसं जास्त सांगितलेली.

ब्रँचच्या मॅनेजरच्या ओळखीने वस्तीत शिरू नका. परवानगी ब्रँचच्या आतल्या निरीक्षणासाठी घ्या, घरांसाठी नको. एकदा ‘मालकाकडून आलेली’ असा शिक्का बसला की छाटीबद्दल कुणी खरं बोलणार नाही. हेच युनियनच्या बाबतीतही. त्यांना भेटा, त्यांच्याकडे माहिती मोलाची असते, पण त्यांच्या कार्यकर्त्याबरोबर घरोघर फिरू नका.

वेळेचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. ही बाई हजार विड्यांमागे कमावते. तुमच्या एका तासात तिचा हात थांबला तर तिची मजुरी बुडाली. म्हणून तिला काम थांबवायला लावू नका. पान कापताना बोलणं जड जातं, कारण लक्ष पत्र्याच्या मापावर आणि कात्रीवर असतं. वळताना हात सरावाने चालतो, तेव्हा बोलता येतं. सकाळी ब्रँचला जायची गडबड असते तेव्हा दारात उभं राहू नका. मोबदला द्यायचा की नाही हे आधी ठरवा, सगळ्यांना सारखं ठरवा आणि प्रबंधात लिहा. रोख रकमेवरून वस्तीत कुजबुज होणार असेल तर वस्तू द्या. ‘आपण गरीब विद्यार्थी, आपल्याला परवडत नाही’ हे कारण आम्हाला पटत नाही, कारण समोरची बाई तुमच्यापेक्षा गरीब आहे. पैसे नसतील तर मुलाखती कमी करा.

आणि गुप्ततेचं वचन सरसकट देऊ नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं ऐकणाऱ्यावर बंधनकारक आहे. संशोधकाला त्यात सूट नाही. ‘तुम्ही सांगाल ते कुणालाच सांगणार नाही’ असं म्हणून बसलात तर एक दिवस त्या बाईचा विश्वास मोडाल, नाहीतर कायदा.

पूर्व भागातल्या एका घराची वंशावळ काढतेय. रेषा एकमेकींत अडकतात. एकच माणूस मामाही आहे आणि सासराही. माझं काय चुकतंय?
— एम.ए. भाग २, साखर पेठ

काहीही चुकत नाही. तुमचा कागद बरोबर सांगतोय. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या अनेक समाजांत आते-मामे भावंडांचं लग्न आणि मामा-भाचीचं लग्न रूढ आहे. तेलुगूत मामे-आते लग्नाला मेनरिकम म्हणतात. मराठी घरांत मामाची मुलगी करणं चालतं, आत्याची मुलगी करणं अनेक जातींत टाळतात, आणि मामा-भाचीचं लग्न ऐकूनच लोक दचकतात. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग मांडले, त्यात महाराष्ट्र मध्य विभागात येतो. सोलापूर त्या विभागाच्या दक्षिण काठावर आहे. एकाच गल्लीत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदतात. म्हणून वंशावळ काढण्यासाठी या शहराइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही, आणि विद्यार्थी ती परिशिष्टात टाकून मोकळे होतात याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

आता काढायची कशी ते सांगतो. ए-थ्री आकाराचा कागद आडवा घ्या आणि पेन्सिल घ्या. त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री, समान चिन्ह लग्न, खाली जाणारी रेषा अपत्य, वरून जोडणारी आडवी रेषा भावंडं, चिन्हावर तिरकी रेघ म्हणजे मृत. ज्या व्यक्तीकडून माहिती घेताय तिचं चिन्ह काळं भरा, कारण सगळी नाती तिच्यापासून मोजायची आहेत. ही पद्धत मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत बसवली. त्यांची एक शिस्त आजही पाळण्यासारखी आहे: आधी माणसं, मग नाती. म्हणजे ‘तुमचे मामा कोण?’ असं विचारायचं नाही. ‘तुमच्या आईला भाऊ किती? थोरला कोण? त्याच्या पाठचं कोण?’ असं विचारायचं. मामा या शब्दात आईचा सख्खा भाऊ, चुलत भाऊ, सासरा आणि शेजारचा वयस्क माणूस असे सगळे येऊन बसतात, आणि मग कागद खरंच चुकतो.

प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक द्या आणि वहीत त्या क्रमांकापुढे नाव, अंदाजे वय, जन्मगाव, राहतं ठिकाण, काम, भाषा लिहा. एकच माणूस दोन जागी आला तर रेषा ओढून-ताणून जुळवत बसू नका. त्याला दोन्ही जागी काढा, दोन्हीकडे तोच क्रमांक लिहा आणि तुटक रेषेने जोडा. भाचीने मामाशी लग्न केलेलं असेल तर पिढ्यांची पातळी बिघडते, तिथे हाच उपाय चालतो. कागद पूर्ण झाल्यावर तो घेऊन दुसऱ्या दिवशी बसा आणि प्रत्येक क्रमांकावर बोट ठेवून दोन प्रश्न विचारा: याला दुसऱ्यापाशी सांगताना काय म्हणता? आणि समोर आल्यावर काय हाक मारता? दोन्ही वेगळ्या रकान्यांत, ज्या भाषेत उत्तर येईल त्याच भाषेत. त्यांचं मराठी करून लिहू नका. तेलुगूत आईचा भाऊ आणि सासरा दोघांनाही मामा म्हणता येतं, मराठी ‘सासरे’ लिहिलंत की तो दुवा गेला.

कोण निसटतं तेही लक्षात ठेवा. लहानपणी गेलेली मुलं, लग्न होऊन तेलंगणात किंवा भिवंडीला गेलेल्या बहिणी, दत्तक दिलेलं मूल, पहिली बायको. पुरुषाकडून घेतलेल्या वंशावळीत बायकांची पिढी पातळ निघते. त्याच घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून दुसरी वंशावळ घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. त्यांतला फरक हीच तुमच्या प्रकरणाची सुरुवात होऊ शकते. मेलेल्यांबद्दल आणि मोडलेल्या लग्नांबद्दल पहिल्या बैठकीत खोदून विचारू नका. जागा रिकामी ठेवा, प्रश्नचिन्ह काढा, पुढे कधीतरी ते आपणहून सांगतात.

यंत्रमाग कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. खडखडाटात काहीच ऐकू येत नाही. सॉफ्टवेअरने आवाज काढता येईल का?
— पीएच.डी. संशोधक, अक्कलकोट रस्ता

थोडाफार. मागाचा ठोका आणि माणसाचा आवाज एकाच पट्ट्यात मिसळलेले असतात, म्हणून ठोका काढला की शब्दांची टोकंही जातात. जे गेलं ते गेलं, त्या मुलाखती पुन्हा घ्या.

शेडमध्ये फक्त बघायचं काम ठेवा. धोटा अडकला की कोण धावतं, कांडी संपल्यावर किती वेळात बदलली जाते, एक कामगार किती माग सांभाळतो, नक्षी विणणाऱ्या जॅकार्डची दुरुस्ती कोणाला येते, हे डोळ्यांनी टिपायचं आहे. बोलणं बाहेर करा. पाळी संपल्यावर चहाच्या गाडीवर नको, तिथे चार जण ऐकतात. कामगाराच्या घरी किंवा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी बसा. कॉलरला लावायचा साधा माइक घ्या आणि हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. फोन मधे ठेवून केलेल्या मुद्रणात पंखाच जास्त ऐकू येतो. सुरुवातीला दहा सेकंद बोलून, परत ऐकून मगच मुलाखत सुरू करा. फोन विमान मोडवर, नाहीतर कॉल आला की मुद्रण तुटतं.

फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या. एकमार्गी, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या मापाने तासाला साधारण ३२० एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात तुमचं सगळं क्षेत्रकार्य मावेल. फाइलच्या नावात तारीख, व्यक्तीचा क्रमांक आणि बैठक एवढंच. नाव लिहिलेली फाइल फोन हरवला की वाचणारा वाचतो.

उतरवून काढायला एका तासाच्या मराठी मुलाखतीला पाच-सहा तास धरा. तेलुगू-मराठी-दखनी मिसळून असेल तर आठ-दहा. म्हणून चाळीस मुलाखती साठवून मग उतरवायला बसू नका. आठवड्याला जेवढ्या घेता तेवढ्या त्याच आठवड्यात उतरवा, त्यातूनच पुढचे प्रश्न सुचतात. भाषा बदलते तिथे बदललेलीच लिहा. कामाबद्दल मराठीत बोलणारा माणूस मालकाचं वाक्य सांगताना तेलुगूत गेला, तर तो का गेला हे तुम्हाला पुढे लागणार आहे.

प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या ज्या गावाचा अभ्यास केला, त्याच्या अनेक वर्षं खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला एकाच ठिकाणी होत्या. तिथे जाळपोळ झाली आणि तिन्ही जळाल्या. तीन प्रती एकाच लॅपटॉपच्या पिशवीत म्हणजे एकच प्रत.

रोज रात्री दोन-तीन पानं टिपणं लिहितो. सहा महिन्यांनी वाचली तर काही हाती लागत नाही.
— पीएच.डी. संशोधक, होटगी रस्ता

तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात ‘वातावरण तणावाचे होते’, ‘बायका थकलेल्या दिसल्या’ अशी वाक्यं आहेत. हे निष्कर्ष झाले. कशावरून, ते लिहिलेलं नाही. ‘तिसऱ्या नंबरच्या बाईने टोपली खाली ठेवली, चेकरने वरच्या दोन जुड्या उचलल्या, एक दाबून बघितली, बाजूला टाकली, काही बोलला नाही, बाईही बोलली नाही, मागची म्हणाली, आज पानच तसं होतं’ असं लिहा. तणाव होता की नव्हता ते सहा महिन्यांनी तुम्हीच ठरवाल, तेव्हा तुमच्याकडे असे चाळीस प्रसंग असतील.

क्षेत्रात असताना खिशातल्या लहान वहीत फक्त खुणेचे शब्द, आणि झोपण्याआधी सविस्तर. रात्र उलटली की संवादातले शब्द जातात आणि सारांश उरतो. पानाला उजवीकडे चार बोटं समास सोडा आणि स्वतःचं मत, शंका, राग तिथेच लिहा, मजकुरात मिसळू नका. पानांना क्रमांक द्या, आठवड्यातून एकदा मागच्या पानावर सूची करा: छाट १२, ३१, ४४, उधारी १५, ३१. एवढं केलंत तरी प्रबंध लिहिताना महिनाभर वाचतो.

मी सेटलमेंटमध्येच, म्हणजे इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे डांबलं त्या वस्तीत, वाढलो. आमच्याच वस्तीच्या इतिहासावर पीएच.डी. करायची आहे. जुन्या सरकारी अहवालांत आमच्या आजोबा-पणजोबांना जन्मतः गुन्हेगार म्हटलं आहे. ही साधनं वापरायची कशी?
— संशोधक, सोलापूर

आधी वयाचा हिशेब करा, कारण तुमच्या कामात तोच सगळ्यात निकडीचा आहे. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. म्हणजे तारेच्या कुंपणाच्या आतली हजेरी ज्यांना स्वतःला आठवते ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. अहवाल कुठे जात नाहीत. पहिलं वर्ष या माणसांना द्या, दप्तरखाना नंतर. एका बैठकीत तासापेक्षा जास्त बसवू नका, पुन्हा पुन्हा जा, आणि सून किंवा नातू शेजारी असू द्या. त्यांच्या आठवणी ऐकता ऐकता घरातलीच माणसं नवे प्रश्न विचारतात. ते तुमच्या प्रश्नांपेक्षा बरे असतात.

सरकारी कागदांसाठी मुंबईचं राज्य पुराभिलेखागार, तिथे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत मोठा साठा आहे, आणि सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर. या साधनांतली विशेषणं सोडून क्रियापदं वाचा. ‘आळशी’, ‘चोरटे’ हे लिहिणाऱ्याचं मत. ‘हजेरी दिवसातून इतक्या वेळा घेतली’, ‘इतके पुरुष गिरणीत कामाला लावले’, ‘पास न घेता गेला म्हणून शिक्षा झाली’ ही केलेली गोष्ट. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांतून कैदेची पूर्ण दिनचर्या उभी राहते. गिरणीला स्वस्त मजूर मिळणं आणि ‘सुधारणा’ होणं या दोन गोष्टी एकाच अहवालात कशा शेजारी बसतात, ते बघा.

अपमानकारक शब्द उद्धृत करायचे तर अवतरणात, वर्षासकट आणि कोणत्या अधिकाऱ्याचे ते सांगून. तुमच्या स्वतःच्या वाक्यात ते एकदाही येऊ देऊ नका, ‘तथाकथित’ लावूनही नाही. नोंदवह्यांत नाव, वडिलांचं नाव, अंगावरच्या खुणा, शिक्षा असं असेल तर ती नावं छापू नका. त्यांची नातवंडं तुमच्या शेजारी राहतात आणि आजही चोरी झाली की पोलिस कुठे आधी येतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुम्ही आतले आहात यावरून तोंडी परीक्षेत ‘वस्तुनिष्ठता’ विचारली जाईल. घाबरू नका. बाहेरच्या संशोधकाला जी दारं उघडत नाहीत ती तुम्हाला उघडतात, हे सांगा. आणि जे तुम्हाला माहीत आहे म्हणून कुणी तुम्हाला सांगतच नाही, ते कसं मिळवलंत हेही सांगा. त्यासाठी एक उपाय: काही मुलाखती तुमच्या ओळखीच्या नसलेल्या समाजातल्या घरांत घ्या. सेटलमेंटमध्ये कैकाडी, टकारी, पामलोर, मांगगारुडी, पारधी अशी वेगवेगळी माणसं एकत्र डांबली होती. आपल्या घरातली गोष्ट तीच सगळ्यांची गोष्ट, असं धरून चालू नका.

मराठी प्रबंधालाही साम्य-तपासणी (मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का याची तपासणी) लागते का? मर्यादा किती?
— पीएच.डी. संशोधक, पंढरपूर

लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत. मराठीत सॉफ्टवेअर कमी पकडतं म्हणून इंग्रजी लेखाचे परिच्छेद भाषांतर करून घालणारे पुष्कळ आहेत. तीही चोरीच, आणि परीक्षकाने मूळ लेख वाचलेला असतो.

प्रबंध झाल्यावर वस्तीतल्या लोकांना काय द्यावं?
— एम.ए. भाग २, नई जिंदगी

प्रबंधाची जाडजूड प्रत देऊ नका, ती कपाटावर जाते. चार पानांचा सारांश त्यांच्या भाषेत करून द्या, काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती द्या, आणि ज्यांची वंशावळ काढली त्यांना ती स्वच्छ काढून, लॅमिनेट करून द्या. मात्र इतरांच्या खासगी गोष्टी, मोडलेली लग्नं, दत्तक, त्यातून काढूनच.

हे सगळं सादर करण्याआधी करा. पीएच.डी.चा प्रबंध पुढे शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो आणि कुणालाही वाचता येतो. म्हणून टोपणनावं तेव्हाच तपासून घ्या. नुसतं पहिलं नाव बदलून भागत नाही, कारण पद्मशाली या तेलुगू विणकर समाजात आडनावावरून घर कळतं. आडनावही बदला, नाहीतर वगळा. ‘कन्ना चौकाजवळ राहणारी, दोन मुली, नवरा सुताला खळ देणाऱ्या साइझिंगला’ एवढ्यावरून सोलापुरात माणूस ओळखू येतो; चौक बदला किंवा मुलींचा उल्लेख काढा. मसुद्यातला त्यांच्याबद्दलचा भाग ज्याच्या-त्याच्यासमोर वाचून दाखवा. आणि घरांवर क्रमांक टाकलेला गल्लीचा नकाशा परिशिष्टात असेल तर तो काढा.